मंगळवारची बातमी

दर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ठकूबाई आपल्या दिराचं वाटोळं करायची. दहा मिनिटांत. येरवड्याच्या जेलातून तिच्या पप्पूला फोनवर बोलायला तेवढाच वेळ मिळायचा.

सकाळची कामं उरकून ती पडवीत खाटेवर बसायची, फोन मांडीवर ठेवायची आणि बांधापलीकडं बघत राहायची. बांधापलीकडं दिराचं, सोपाननानाचं रान होतं. फोन वाजला की पप्पूचा पहिला प्रश्न ठरलेला.

“बोल आई, काय म्हणतोय नाना?”

“म्हणतोय काय! बोंबलतोय. चारशे फूट बोर मारली, निस्ता धुरळा निघाला. मशीनवाला पैसं घेऊन गेला, नाना कपाळ धरून बसला.”

पप्पू खळखळून हसायचा. ते हसू कानात साठवून ठकूबाईचा आठवडा निघायचा.

खरी गोष्ट अशी, की नानाच्या बोरला तीन इंच पाणी लागलं होतं आणि त्यानं सगळ्या डिंगोरे गावात पेढे वाटले होते. ठकूबाईकडं आलेला पेढा तिनं कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी तो आवडीनं खाल्ला, म्हणून त्यांनाही तिनं चार शिव्या घातल्या. कावळ्याच्या शापानं गाय मरत नसते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण फोनवर मरते.

पहिली गाय अशीच मेली होती. कालव्याच्या चारीच्या पाण्यावरून शेजारच्या गावातल्या एका माणसाशी भांडण झालं, त्यात नानाच्या पोरानं, भरतनं खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. पप्पू सोडवायला मध्ये पडला होता. माणूस तिसऱ्या दिवशी गेला. कोर्टात नाना शपथेवर म्हणाला, दांडा पप्पूच्या हातात होता. सख्खा दीर, ठकूबाईच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालेला. लग्न होऊन ती आली तेव्हा या दिराला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. त्यानं आपलं पोरगं वाचवलं आणि तिचं दहा वर्षांसाठी आत घातलं.

शिक्षा लागल्यावर ती पहिल्यांदा भेटीला गेली. काचेपलीकडं पप्पू बसला होता, नुसती हाडं उरलेली. जेवतच नाही, असं त्यानंच सांगितलं. तिनं म्हशीचं सांगितलं, आंब्याला मोहोर आल्याचं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता का नव्हता, कळेना. भेटीची वेळ संपत आली तसा ठकूबाईला असा संताप आला, की तोंडातून निघून गेलं, “नानाची गाय मेली.”

पप्पूनं मान वर केली. “कंची?”

“चांदणी.”

“दुभती? कशानं?”

“पोट फुगलं. रातभर वरडत व्हती.”

चांदणी त्या घडीला नानाच्या गोठ्यात उभी राहून रवंथ करत होती. पण पुढच्या भेटीला पप्पूच्या गालावर मांस दिसलं. मग काय, एक गाय मारून पोरगं जगत असेल, तर दुसरी मारायला ठकूबाईची ना नव्हती.

तीन वर्षांत तिनं नानाचा गोठा रिकामा केला, टोमॅटोवर रोग पाडला, भरतची बायको माहेरी पाठवली ती परत आणलीच नाही. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. पप्पू शेतकऱ्याचं पोर. कुठला वाण, कधी लावला, फवारा कशाचा मारला, सगळं खोदून विचारायचा. त्यामुळं ठकूबाईला डोळ्यांत तेल घालून बांधापलीकडं लक्ष ठेवावं लागे. नानाच्या रानात काय चाललंय हे नानापेक्षा तिला जास्त माहीत असायचं. फक्त फोनवर सांगताना ती सगळं उलटं करायची. जेलातले फोन ऐकले जातात, असं गावात कुणीतरी म्हणालं होतं. ऐकू देत की, ती म्हणाली, त्यांचीबी करमणूक होईल.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली होती. सुरुवातीला पप्पू शेवटी विचारायचा, “गुडघा कसा हाय तुझा? गोळ्या घेतीस ना?” मग कधी विचारायचा, कधी विसरायचा. तिसऱ्या वर्षी तो प्रश्न आलाच नाही. दहाची दहा मिनिटं नानालाच लागायची. ठकूबाईला ते लागलं, पण तिनं मनावर घेतलं नाही. पोरगं हसतंय ना, मग गुडघ्याचं काय कौतुक!

वैशाखात एका मंगळवारी पप्पू म्हणाला, “आई, फर्लोचा अर्ज टाकलाय. एकवीस दिवसांची रजा मिळती. पोलिसांचा रिपोर्ट नीट गेला, की महिन्याभरात घरी येतोय.”

ठकूबाईला रडूच फुटलं. काय करू आणि काय नको, असं झालं. पुरणपोळी करते म्हणाली, नवी गादी भरून घेते म्हणाली.

“ते ऱ्हाऊ दे गं,” पप्पू म्हणाला. “मला नानाचा रिकामा गोठा बघायचाय. त्याच्या दारात उभं राहून त्याचं तोंड बघायचंय. तेवढ्यासाठी येतोय बघ.”

फोन बंद झाला तरी ती कानाला धरूनच बसली. बांधापलीकडं नानाचं नवं स्लॅबचं घर दिसत होतं. दारात नवा ट्रॅक्टर, गोठ्यात पाच गाई, आणि भरतची बायको कडेवर पोर घेऊन वाळवण घालत होती. पोराचं नाव शौर्य ठेवलं होतं. दांडा हाणून पळून गेलेल्या बापाच्या पोराचं नाव शौर्य! ठकूबाई जमिनीवर थुंकली.

सगळंच काही खरं करता येण्यासारखं नव्हतं. पण एक तरी करायचं, असं तिनं ठरवलं. पप्पूनं येऊन बघितलं, तर निदान एक तरी गोष्ट खरी दिसली पाहिजे.

नानाची कांद्याची चाळ बांधाला लागूनच होती. उन्हाळी कांदा काढून त्यानं ती गळ्यापर्यंत भरली होती, भाव वाढायची वाट बघत. आता कांद्याच्या मुलखात वैर काढायची एक रीत आहे, शाळेतल्या पोरालासुद्धा माहीत असते. साठवलेल्या कांद्यावर युरिया टाकला की त्याला पाणी सुटतं, आणि आठ-दहा दिवसांत सोन्यासारखा माल लोळागोळा होतो. काडी लावली तर धूर दिसतो. युरिया आवाज न करता काम करतो.

शुक्रवारी आळे गावी भावकीतलं लग्न होतं. नानाचं सगळं घर टेम्पोत बसून गेलं. नानाची बायको बांधावर येऊन ठकूबाईलाही चला म्हणाली होती. “गुडघा धरलाय गं माझा,” ठकूबाई म्हणाली.

भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, तिनं मक्यासाठी आणलेली युरियाची गोणी फोडली. दोन पाट्या भरून बांध ओलांडला. तिकडं जाताना गुडघा एकदाही दुखला नाही. चाळीच्या लाकडी पट्ट्यांच्या फटींतून मुठीमुठीनं तिनं युरिया आत फेकला, खाली, मध्ये, शिडी लावून वर. प्रत्येक मुठीला एक वर्ष, असं ती मोजत होती. दहा झाल्या तशी परत एकपासून सुरुवात केली. तिला इतकं बरं वाटत होतं, की पाटी रिकामी झाल्याचं वाईट वाटलं.

दहाव्या दिवशी वास सुटला. नानाच्या घरची सगळी माणसं चाळीत उतरली. सडका कांदा पाट्यांनी बाहेर पडायला लागला, त्याचं पाणी बांधापर्यंत वाहत आलं. ठकूबाई पडवीत बसून शेंगा फोडत होती. तिनं एक शेंगही चुकवली नाही.

संध्याकाळच्या आधी नाना बांधावर आला. हात कोपरापर्यंत चिकट झालेले. आरडाओरडा करायचं त्याला सुचत नव्हतं, का अंगात बळ नव्हतं, कोण जाणे.

“वहिनी, निम्मी चाळ गेली.”

“देवाची करणी,” ठकूबाई म्हणाली.

“देव युरिया टाकत न्हाई.” नाना खाली बसला. “पप्पूच्या फर्लोच्या चौकशीला पोलीस आलं व्हतं, मागल्या पंधरवड्यात. इच्यारलं, पोरगं गावात आलं तर भांडण व्हईल का? मी लिहून दिलं, व्हनार न्हाई, माझी हरकत न्हाई. तीन वर्सं मला झोप न्हाई, वहिनी. म्हटलं, येऊ दे पोराला. आज दुपारी ठाण्यात जाऊन ते माघारी घेतलं. तक्रारबी दिलीय, पन नाव घातलं न्हाई.”

ठकूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला वाटलं, उठावं आणि याचे पाय धरावेत. मग वाटलं, उठावं आणि याच्या तोंडावर पाटी हाणावी. तीन वर्षं झोप नाही म्हणे! मग कोर्टात जाऊन तेवढं एक वाक्य का बोलला नाही?

“माझ्या पोराची दहा वर्सं लिहून दिलीत, तवा माघारी घ्यायला कुठं गेला व्हता, भावजी?” ती म्हणाली.

नाना उठून गेला.

तिसऱ्या मंगळवारच्या फोनवर निकाल आला. “नामंजूर झालं,” पप्पू म्हणाला. “दोन घरांत वैर हाय, शांतता मोडल, असं लिवलंय. कुनी खोडा घातला? नानानं?”

हो म्हणणं सोपं होतं. ते अर्धं खरंही होतं. पण एकवीस दिवस गेल्याच्या दुःखानं तिचं खोटं बोलायचं बळच संपलं होतं.

“मीच,” ती म्हणाली. “नानाच्या कांद्यात युरिया टाकला मी. निम्मी चाळ सडली.”

मग पप्पू असा हसला, की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. “एकवीस दिवस गेलं तर गेलं, आई! बोर न्हाई, गाई न्हाईत, आता कांदाबी न्हाई. भिकंला लागला म्हन की!”

त्याला घरी यायला न मिळाल्याचं काहीच वाटलं नव्हतं.

“पप्पू, ऐक. बाकी कायबी खरं न्हाई रे. चांदणी जित्ती हाय. बोरला पानी हाय. भरतला पोरगं झालंय. तू जेवावंस म्हणून मी सांगत ऱ्हायले. एवढा कांदाच काय तो खरा.”



“मग तीन वर्सं तू केलंस काय गं?” पप्पूनं विचारलं आणि फोन ठेवला. चार मिनिटं शिल्लक होती. त्यानं असं कधीच केलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भेटीला गेली, तर मुलाला भेटायचं नाही, असा निरोप मिळाला. ठकूबाई आळेफाट्याला एसटीतून उतरली आणि घरी जायच्या गाडीत न बसता तासभर तिथंच उभी राहिली. अन्न जाईना. नानाच्या घरात हसण्याचा आवाज झाला, की तिला घास कडू लागायचा. तीन वर्षं केलं काय, हे पोराचं खरंच होतं.

सोमवारी नानाची माणसं ओतूरला गेली होती. त्या आठवड्यात शेतीला लाईट रात्रीची होती, म्हणजे दिवसा तार मेलेली. ठकूबाई कोयता घेऊन नानाच्या बोरवर गेली.

मंगळवारी अकराला ती खाटेवर बसली. साडेअकरा झाले. पावणेबाराला फोन वाजला.

“काय केलंस?” पप्पूनं विचारलं. आई म्हणून हाक नाही, काही नाही.

“नानाच्या मोटरीची केबल तोडली. काल. टमाट्यानं माना टाकल्यात.”

“खरं?”

“खरं. तुकडा हातात हाय माझ्या.”

मग पप्पूचा आवाज आला, अगदी लहानपणीसारखा मऊ.

“आई, गुडघा कसा हाय तुझा? गोळ्या घेतीस ना?”