आधी गब्बूला टोचा

मी गब्बू बोलतोय. मुलांच्या वॉर्डातला, खिडकीजवळच्या कपाटातला, कापडी गब्बू. नाक मुरडू नका! तुम्ही जन्मभरात घेतली असतील तेवढी इंजेक्शनं मी एका सकाळी घेतो आणि वर हसतो. हसू शिवलेलंच आहे, ती गोष्ट वेगळी.

माझा जन्म दवाखान्याच्या शिवणखोलीतला. शिंपीकाकांनी एका फाटक्या चादरीतून मला बेतला आणि ड्रेसिंगचा कापूस पोटात ठासून भरला. डाव्या हातात सलाईनची नळी घातली. तोंड उघडणारं केलं आणि आत टॉन्सिल म्हणून दोन लाल बटणं लावली. एक हरवलं, तिथे आता निळं आहे. "कोण बघायला जातंय?" असं काका म्हणाले. अहो, पोरं नेमकं तेच बघतात!

मोठ्या सिस्टरांचा नियम असा की जे मुलाला करायचं, ते त्याने आधी गब्बूला करायचं. मग कुणी हळूच टोचतं, कुणी सगळा राग माझ्यावर काढतं. एका पठ्ठ्याने मला एकवीस इंजेक्शनं दिली आणि वर विचारलं, "आता शहाण्यासारखा वागशील ना?"

खरी गंमत मोठ्या माणसांची. स्वतः भिंतीकडे तोंड फिरवतात आणि पोराला सांगतात, "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं." कसली मुंगी हो? मी तरी अशी मुंगी पाहिली नाही.

एके दिवशी सकाळी सहा वर्षांची एक मुलगी आली, अनवाणी. मागून तिचे बाबा, धिप्पाड गडी, हातात लहानसे कोरे लाल बूट. आठवड्यापूर्वी त्यांनी तिला "बुटांच्या दुकानात जाऊ" म्हणून घराबाहेर काढलं आणि नेलं रक्त तपासायला. नंतर बूट घेतले खरे, पण बाईसाहेबांनी त्यात पाय घातला नव्हता.

झोपेत तिचा श्वास अडकायचा, म्हणून टॉन्सिल काढणं टाळण्यासारखं नव्हतं. आणि हातपाय धरून न्यायला सिस्टर तयार नव्हत्या. "ती कबूल झाली तर आज, नाहीतर पुढची तारीख," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मला तिच्या मांडीवर बसवलं. तिने मला टोचलं आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"हा खोटारडा आहे," ती म्हणाली. "टोचलं तरी हसतोय."

मला फार लागलं ते. इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

बाबा घाईने म्हणाले, "अगं, त्याला दुखतच नाही! तुलाही नाही दुखणार."

झालं! पोरीने पांघरूण डोक्यावर ओढलं.

सिस्टरांनी बाबांकडे असं पाहिलं की मीच अंग चोरलं. "तुम्ही शेवटची सुई कधी घेतलीत?"

"कॉलेजात असताना."

"दुखली?"

बाबा हातातल्या बुटांकडे बघत राहिले. "दुखली. चक्कर येऊन पडलो होतो." मग पांघरुणाकडे वळून म्हणाले, "बाळा, त्या दिवशी मी तुला फसवलं. तुझं रडणं मला बघवत नाही म्हणून. चुकलं माझं."

पांघरूण बोटभर वर झालं. "किती दुखतं?"

"सुई टोचताना थोडं," सिस्टर म्हणाल्या. "नंतर घसा काही दिवस चांगलाच दुखेल. त्याला औषध देऊ."

"बाबा, तू आत येशील?"

"नाही गं. दारापर्यंतच सोडतात. पण तू जागी होशील तेव्हा समोर असेन."

"खरं?"

"खरं."

तिने हात पुढे केला. सुई टोचताना रडली, अगदी खणखणीत रडली, पण हात हलवला नाही. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "बूट दे."

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत ती बूट घालून चालत गेली, मला काखोटीला मारून. तिथे बूट काढून बाबांना दिले. "सांभाळ. परत येऊन घालायचेत." मग मलाही त्यांच्या हातात कोंबलं. "गब्बूला ठेव. तुला भीती वाटते ना?"

आजवर मी प्रत्येक मुलाबरोबर आत गेलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर बसलो. त्या धिप्पाड माणसाने तासभर मला असं आवळलं की माझ्या मानेची शिवण उसवली. तिने डोळे उघडले तेव्हा ते समोर होते, एका हातात बूट, दुसऱ्यात मी. तिला बोलता येत नव्हतं. तिने माझी लोंबती मान पाहिली, बाबांचे लाल डोळे पाहिले आणि त्यांच्या हातावर थोपटलं.

आता मी शिवणखोलीत पडलोय. मान शिवून झाली आहे. काका चष्मा चढवून माझं विटलेलं हसू नव्याने शिवायला बसलेत. काका, एवढं ऐका माझं. या वेळी हसू अर्धंच शिवा. टोचून घ्यायला मी आहेच, पण त्या पोरीसमोर पुन्हा खोटं हसायचं नाही मला.