थंडीची चिठ्ठी

केजच्या अलीकडं महारुद्रअप्पांचं कोंबड्यांच्या पिल्लांचं केंद्र होतं. अंड्यातून निघालेली पिल्लं आठवडाभर ऊबदार खोलीत सांभाळायची, मग विकायची. ती खोली अकरा वर्षं भारतच्या ताब्यात. भिंतीवर एक खटका होता, एकीकडं फिरवला की हीटर, दुसरीकडं फिरवला की कूलर. भारत साक्षरता वर्गात चाळिशीला अक्षरं शिकला आणि पहिलं काम काय केलं, तर खटक्याच्या दोन्ही बाजूंना आपल्या हातानं चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. हीटरकडं ‘थंडी’, कूलरकडं ‘उन्हाळा’. थंडीत थंडीकडं, उन्हाळ्यात उन्हाळ्याकडं. यात काय चुकलं, सांगा बरं!

घरी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती त्याच्या लेकीनं, पौर्णिमानं, तेव्हा ती शाळकरी होती. पुढं ती अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकली आणि अप्पांनी तिला केंद्राच्याच हापिसात घेतलं. तेव्हापासून भारत हजेरीवर सही करायचा ती मुद्दाम सावकाश, सगळ्यांनी बघावी म्हणून.

नव्याण्णवच्या जानेवारीत खोली कॉम्प्युटरला जोडायला पुण्याचा इंजिनियर आला. भारत नेमका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलेला. खटक्याची कुठली बाजू कॉम्प्युटरात कुठल्या नावानं भरायची, असं इंजिनियरनं हापिसातूनच विचारलं. पौर्णिमानं खोलीतून चिठ्ठी वाचली, “थंडी.” त्यानं ‘कूल’ भरलं. दुसऱ्या बाजूला ‘हीट’ उरलं. तिनं येऊन पडद्यावर बघितलं. कूल म्हणजे थंड, एवढं तिला येत होतं. बरोबर हाय, म्हणाली. अहो, त्याच खोलीत लहानाची मोठी झालेली पोर! पण इंग्रजी शब्द समोर आला आणि बापाची थंडी म्हणजे हिवाळा, हे ती साफ विसरली.

अंधार पडल्यावर गारठा वाढला. कॉम्प्युटरनं हीटर समजून कूलर चालू केले. सकाळी दार उघडलं तर तीन हजार पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून मेलेली.

अप्पांचा पारा चढला. इंजिनियरनं चिठ्ठीकडं बोट दाखवलं, यांनी थंडी लिहिलंय, मी थंड भरलं. दुपारी भारत पोचला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. चिठ्ठीजवळ तोंड नेऊन तो कितीतरी वेळ आपलं अक्षर बघत राहिला.

“माजंच चुकलं आसंल, अप्पा,” तो म्हणाला. “मला लिवाय लई उशिरा आलंय.”

पौर्णिमा तिथंच उभी होती. नोकरीच्या भीतीनं गप्प बसली, दुसरं काही कारण नव्हतं. पाचव्या दिवशी तिनं अप्पांना सगळं सांगून टाकलं. बापाला पाठीशी घालतेस, चांगलंय, म्हणाले अप्पा, आणि भारतला कामावरून कमी केल्याचा कागद तिलाच टाईप करायला लावला.

भारत आला. तिनं कागद आणि पेन पुढं ठेवला.

“आबा, सही करा. तुमचं बरोबर हुतं. चूक माजी हाय, उलटं भरलेलं मीच बरोबर हाय म्हणाले.”

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“बरोबर आसतं तर पिल्लं मेली आसती का गं? लेक हायेस, म्हणून बोलतीस.”

पेन त्यानं बाजूला सारला आणि डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. शाईचा पॅड तिच्याच खणात होता. तिला तो काढून द्यावा लागला.