शेपटीवर बसलेलं विमान

रंगाचं काम निघालं की अप्पांच्या खोलीची खिडकी बंद व्हायची. पंखाही बंद. ओल्या रंगावर धुळीचा कण बसला तर अप्पांना तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसूनही दिसायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात दुसरा विषय नसायचा. त्यामुळे कितीही उकडो, खारू तोंडाला फडकं बांधून थिनरच्या वासात बसलेली असे, आणि घाम पुसायला तिचा एकही हात मोकळा नसे. रंग वाळेपर्यंत त्या खोलीकडे कुणी फिरकायचं नाही असा नियम होता. आता फिरकायला घरात होतं कोण म्हणा! अप्पा आणि ती.

खारू हे लेकीचं नाव अप्पांनीच ठेवलेलं. लहानपणी हाती लागेल ते कुरतडत, सोलत, सुटं करत बसायची म्हणून. आता चाळिशी उंबऱ्याशी आली होती, केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं, तरी अप्पांच्या लेखी ती खारूच.

अप्पांची उभी हयात हँगरमध्ये गेली. प्रवासी विमानांची दुरुस्ती हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लॅस्टिकची विमानं बनवायला घेतली. खोक्यात चौकटींना चिकटलेले बारीक बारीक भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की हातभर लांबीचं एक विमान तयार होतं. ज्या ज्या विमानांपायी त्यांचे हात काळे झाले होते, ती सगळी त्यांनी एकेक करून काचेच्या कपाटात आणून ठेवली. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय खुर्चीपासून पलंगापर्यंतच्या कामाचा उरला. जीभ मात्र शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. खारू म्हणाली, कुणाचं, तेवढं सांगा.

त्या दिवसापासून खारूचे हात अप्पांचे झाले. अप्पांनी खुर्चीतून सांगायचं आणि तिनं करायचं. "थोडे दिवस" म्हणून ती आपली नोकरी आणि भाड्याची खोली सोडून आली होती. थोडे दिवस ही मोठी लबाड चीज असते. ते संपले असं सांगायला कधी कुणी येत नाही.

आणि गंमत बघा, जे गळ्यात पडलं त्यातच ती तरबेज झाली. खिडक्यांच्या रांगा, शेपटीवरचं चिन्ह, हे सगळं कागदाला चिकटलेल्या पातळ पापुद्र्यासारखं येतं, ते पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवायचं असतं. श्वास चुकला तरी ते दुमडतं. खारू ते असं बसवायची की छापल्यासारखं वाटावं. अप्पा तोंडावर कौतुक करणाऱ्यांतले नव्हेत. ते "बरंय" म्हणाले की उत्तम झालं असं समजायचं. "ठीकय" म्हणाले की पुन्हा करायचं.

दादानं एकदा कपाटाचे फोटो काढून नेले. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, याच शहरात दुसऱ्या टोकाला राहणारा. ते फोटो फिरत फिरत परगावच्या एका कारखानदाराच्या नजरेस पडले. विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत आणि संग्रहालयांत ठेवायला मोठी मॉडेलं बनवण्याचा त्याचा कारखाना. त्यानं सरळ फोनच केला. म्हणाला, "ताई, हे हात आम्हाला हवेत. या तुम्ही. वरच्या मजल्यावर राहायची सोय आहे, आणि खाली टेबलावर हवं तेवढं काम."

फोन ठेवून खारू स्वयंपाकघरात हातात झाकण घेऊन फिरत राहिली. ते कशावर ठेवायचं होतं हे तिला सुचेना. तिला जायचं होतं. अगदी पोटातून जायचं होतं. कुणीतरी तिचेच हात, तिच्याच नावानं, मागितले होते.

दुपारी तिनं अप्पांना सांगितलं. सांगता सांगता ती टेबलाशी बसून कामही करत होती, कारण त्याच दिवशी विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जोडायचे होते. कारखाना, टेबल, मोठ्या खिडक्या, असं तिचं तोंड एका लयीत चाललं होतं आणि हात दुसऱ्या. अप्पा नुसते ऐकत होते. तिनं गोंद लावला, दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवले, रबरानं आवळले.

"जा की," अप्पा शेवटी म्हणाले. "मी कुठं अडवतोय? हातातलं हे तेवढं पुरं कर."

दादाही म्हणाला, "कर गं तेवढं. म्हाताऱ्या माणसाचं समाधान. विमान झालं की दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्याकडे आणतो आणि तू सुटलीस." वहिनीनं मागची खोली रिकामी करायलाही घेतली. सगळ्यांनी इतक्या समजूतदारपणे वागायचं ठरवलं होतं की खारूला कुणाशी भांडायलाही जागा उरली नाही.

हातातलं विमान होतं शेपटाकडे इंजिनं असलेलं, जुन्या घडणीचं. अप्पांनी उमेदवारीत पहिला पाना लावला तो याच जातीच्या विमानाला. जोडावर पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासली, बोट फिरवलं तर सांधा लागू नये इथवर घासली. पांढऱ्या रंगाचे पातळ हात दिले. अप्पा म्हणाले, ठीकय. पुन्हा घासलं, पुन्हा दिले. चिकटपट्ट्या लावून निळा पट्टा ओढला. पट्टा नाकापाशी केसभर खाली आलाय म्हणाले, पुन्हा ओढला. कारखानदाराचे दोन फोन येऊन गेले. "येते, येते," ती म्हणाली. पलंगाखालची बॅग तिनं बाहेर काढून कोपऱ्यात उभी केली होती, आणि रोज झाडताना तिच्याभोवतीनं झाडू फिरवत होती.

शेवटी एकदाचं झालं. चाकं तेवढी राहिली होती. ती बसवली, गोंद वाळू दिला, आणि दुपारी चहाच्या आधी तिनं विमान दोन्ही हातांनी उचलून टेबलावर, अप्पांच्या समोर ठेवलं.

विमान शेपटीवर बसलं. पुढचं चाक हवेत, नाक छताकडे, एखाद्या शहाण्या कुत्र्यानं हुकमासरशी बसकण मारावी तसं.

खारूला आधी हसूच आलं. तिनं बोटानं नाक खाली दाबलं. बोट काढलं, की ते परत वर. मग तिच्या लक्षात आलं, आणि हसू तोंडातच राहिलं.

या धंद्यातला हा पहिला धडा. प्लॅस्टिक हलकं, त्यातून इंजिनं मागे असली की सगळा भार मागे जातो. म्हणून धडाचे अर्धे जोडण्याआधी नाकाच्या पोकळीत वजन दडपायचं असतं. अप्पा त्यासाठी मासे धरायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या वापरायचे. एकदा धड बंद झालं की आत काही घालता येत नाही. नवशिके हे विसरतात. अशा नवशिक्यांना अप्पा आणि खारू पोट धरधरून हसले होते. आता इलाज एकच. बारीक करवतीनं धड जोडावर उभं चिरायचं. मग पुट्टी गेली, पांढरा गेला, पट्टा गेला, खिडक्या गेल्या. पहिले पाढे पंचावन्न.

तिनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा विमानाकडे पाहतच नव्हते. ते बंद खिडकीकडे पाहत होते.

"अप्पा, वजन राहिलं."

"हं."

"नाकात वजनच नाही टाकलं आपण."

"नाही टाकलं."

त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. खारू हळूच स्टुलावर बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"समोरच बसलो होतो. हात गेलाय, डोळे आहेत अजून."

"मग बोललात का नाही? धुळीच्या कणावरून घर डोक्यावर घेता तुम्ही! पट्टा केसभर हलला तर पुन्हा काढायला लावता! आणि हे बघून मूग गिळून बसलात? इतके दिवस?"

अप्पांनी खिडकीवरची नजर काढून टेबलाकडे वळवली. मग म्हणाले, "मला वाटलं, तू मुद्दामच टाकलं नाहीस."

"मी?"

"गोळ्यांची डबी तुझ्या कोपरापाशी होती. तू ती उचललीस, बाजूला ठेवलीस आणि गोंद घेतलास. म्हटलं, पोरीला जायचं नाहीये, पण तोंडानं बोलवत नाहीये. आपण कशाला बोला?"

खारूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे बरंय! करायचं तुम्ही आणि घालायचं माझ्या पदरात! मला जायचं होतं, अप्पा. रोज त्या बॅगेला वळसा घालून झाडतेय मी. तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं तर सांगायचं होतं तोंडावर. भांडले असते, रडले असते, पण गेले असते!" तिचा आवाज चिरकला. बापाशी इतकं ती जन्मात बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिनं दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"मी चिरणार नाही हे," ती म्हणाली. "चाकं काढते आणि स्टँडवर लावते. हवेत उडतंय असं दिसेल. स्टँडवर वजन लागत नाही. संध्याकाळपर्यंत तयार."

"हवेत मी ते कधी पाहिलंच नाही गं," अप्पा म्हणाले. "माझ्याकडे यायचं ते चाकांवर." मग त्यांनी डाव्या हातानं लुळा उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "पण लाव. लाव स्टँडवर. माझं चुकलं. उद्या दादाला बोलव आणि जा तू."

आता काही अडत नव्हतं. खारू फोन घेऊन बाहेर जिन्यात आली. सोमवारी येते एवढंच कारखानदाराला सांगायचं होतं. घंटी वाजली, त्यानं उचलला, आणि तिनं तोंड उघडलं.

"जरा घोटाळा झालाय," ती म्हणाली. "नाकातलं वजन राहिलं. सगळं उघडून पुन्हा करावं लागणार. आणखी महिना तरी जाईल."

हे आपण बोललो, हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं. आता तो चिडेल, असं तिला वाटलं. किती दिवस थांबायचं आम्ही, जागा भरून टाकतो, असं म्हणेल. ती भिंतीला टेकून त्याची वाट बघत राहिली.

कारखानदार मोठ्यानं हसला. "वजन राहिलं? अहो, आमच्याकडे असं एक बसलेलं विमान दारातच ठेवलंय, नव्या माणसांना दाखवायला! ताई, तुम्ही सावकाश या. महिन्यानं या, दोन महिन्यांनी या, जागा तुमचीच आहे. आणि वडिलांची काळजी असेल तर त्यांनाही आणा. वर दोन खोल्या आहेत. त्यांच्यासारखा माणूस डोळ्यासमोर असला तर आमचंही भलंच होईल."

"हो," खारू म्हणाली. "आभारी आहे."

फोन बंद करून ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटत नव्हतं. नाही म्हणाला असता तर किती बरं झालं असतं. मग जन्मभर अप्पांना बोल लावता आला असता, दादाला लावता आला असता. परक्या गावातलं ते टेबल, अनोळखी माणसं, चुकलं तर "ठीकय" म्हणायलाही कुणी नाही, आणि झालं तर "बरंय" म्हणायलाही नाही. तिला भीती वाटत होती. आज नाही, त्या पहिल्या फोनपासून वाटत होती. ती डबीसुद्धा तिला आता आठवली. शिसं जड असतं. बोटांना ते कळतं. उचलताना तिच्या बोटांना ते कळलं होतं.

बरंच थांबून ती आत आली. अप्पांनी मान वळवली. "काय म्हणाला?"

खारूनं नसलेला पदर सारखा करावा तसा ॲप्रन नीट केला.

"दुसरं कुणी घेतलं म्हणाला. फार दिवस लावले म्हणे आपण."

अप्पांचे डोळे भरून आले. वाईट वाटलं त्यांना, अगदी खरं वाटलं, हे तिला दिसलं. आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, तेही दिसलं. "माझ्यामुळं," ते म्हणाले. "माझ्यामुळं गेलं गं तुझं."

"जाऊ द्या आता."

"शिव्या दे मला."

"नाही देत," ती म्हणाली, आणि त्यांच्या डोळ्यांकडे न बघता टेबलावरचा पसारा आवरायला लागली.

थोड्या वेळानं अप्पांनी नाक शिंकरलं. "दादाला कळव. वहिनी उगाच खोली रिकामी करत बसेल."

तिनं तिथंच उभं राहून दादाला फोन लावला. जागा भरली, असं सांगितलं. पहिल्यांदा सांगताना ॲप्रन नीट करावा लागला होता, या वेळी लागला नाही.

"अरेरे," दादा म्हणाला. "जाऊ दे गं खारे. असतं एकेकाचं नशीब."

"हो ना," ती म्हणाली.