रखमीचं पापलेट

देवजीने टाकीतले मासे तिसऱ्यांदा मोजले. सहाच. काल संध्याकाळी सात होते आणि रविवारी तलासरीहून आणले तेव्हा नऊ.

त्याने झाकण उचलून वाळू चाचपली, फिल्टरच्या मागे बोट घातलं. मेलेला मासा कुठे ना कुठे सापडतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं त्याने डहाणूच्या समुद्रात होडी घातली होती. सापडत नाही म्हणजे कोणीतरी नेला. आणि दिवसभर घरात त्याच्याशिवाय माणूस एकच. सून, हर्षदा.

टाकी रखमीची. रखमी जन्मभर डहाणूच्या बाजारात पाटी घेऊन बसली. मेलेले मासे विकून विकून तिला एकदा जिवंत मासे नुसते बघत बसायची हौस आली, म्हणून सुरजने आईला ही काचेची टाकी आणून दिली. ती जाऊन दहा महिने झाले होते. तिच्यामागे टाकीतले मासेही एकेक करून गेले. पाणी बदलावं लागतं हे देवजीला सुचलंच नाही. त्या दिवसांत त्याला स्वतःची अंघोळ सुचत नव्हती. राहिला एकच, तळहाताएवढा, चपटा, रुपेरी, अंगावर काळे पट्टे. दुकानात त्याला एंजल म्हणतात. रखमी त्याला पापलेट म्हणायची.

महिन्यापूर्वी सुरज म्हणाला होता, "बाबा, एका माशासाठी अख्खी खिडकी अडलीय. हर्षदाच्या शिलाई मशीनला तिथेच उजेड मिळतो. अजून मासे आणून बघा. जगले तर टाकी राहू दे. नाही जगले तर काढू या."

म्हणून देवजी एसटीने तलासरीला गेला होता. रखमीने मासे तिथूनच आणले होते, हायवेच्या कडेला हितेश नावाच्या माणसाचं दुकान होतं. हितेशने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, टाकीत आधी काय आहे?"

देवजी सावध झाला. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत जाळ्यात काय आलं ते कोणाला सांगायचं नाही, ही त्याच्या बापाची शिस्त. नजर लागते, आणि व्यापारी तर कान टवकारून बसलेलाच असतो. हाही व्यापारीच.

"काही नाही," तो म्हणाला. "रिकामी आहे."

"मग हे निऑन न्या. कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त टोळीने ठेवा, एकटादुकटा घाबरून मरतो."

निऑन म्हणजे बोटाच्या दोन पेराएवढा मासा, अंगावर निळी आणि लाल चमक. तसे नऊ त्याने पिशवीत घालून आणले. त्यातले आता सहा.

दुपारी जेवताना त्याने विषय काढला. "मासे कमी होतायत."

"मरत असतील बाबा. केवढासा जीव तो."

"मेले तर मढं दिसतं."

हर्षदाने तवा खाली उतरवला. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मशीनला खिडकी पाहिजे ती पाहिजे."

"सरळ बोला ना. मी खाल्ले? कालवण करायचं तर निदान मूठभर तरी लागतात."

"हसण्यावारी नेऊ नको. डोंगरातल्या माणसाला मासा काय कळणार!"

"आमच्या ओहोळात पण मासे असतात, बाबा. फक्त आम्ही ते रोज मोजत बसत नाही."

तिने त्याच्या ताटात आमटी वाढली आणि आत गेली. देवजीला वाटलं, आता संध्याकाळी सुरजच्या कानाला लागणार. संध्याकाळी सुरज कामावरून आला, चहा प्यायला, क्रिकेट बघितलं, काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. देवजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. पोरगा गप्प आहे म्हणजे दोघांचं ठरलेलं आहे, असंच त्याने धरलं.

मग त्याने जाळ्याची दोरी घेऊन टाकीचं झाकण बांधलं आणि वर नांगराची गाठ मारली. ती गाठ दर्यावरच्या माणसालाच जमते. तांदूळ-नागली पिकवणाऱ्या घरातल्या पोरीने सोडली तरी तिला परत बांधता आली नसती.

सकाळी गाठ जशीच्या तशी होती. मासे पाच.

देवजी खुर्चीवर बसला. झाकणाला हात लागला नव्हता, म्हणजे सून नव्हे. मग उरला तो दुकानदार. काहीतरी औषध मारलेले मासे गळ्यात घातले, पाण्यात विरघळून जातात. त्याने चप्पल घातली.

"तलासरीला ना? मी पण येते," हर्षदा म्हणाली. "माझ्यावर आळ आहे. तो काय सांगतो ते मलाही ऐकू दे."

बसमध्ये दोघं दोन वेगळ्या बाकांवर बसली.

हितेशने देवजीचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. "काका, मासा काय साखर आहे? विरघळायला?"

"मग गेले कुठे?"

"एकटेच होते ना टाकीत?"

देवजी दुकानातल्या टाक्यांकडे बघू लागला. हर्षदा पुढे झाली. "एकटे कुठे? आईंचा एंजल आहे ना. एवढा." तिने तळहात पसरला.

हितेशने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही तर रिकामी म्हणाला होता! एवढा एंजल आणि निऑन एकत्र? तो त्यांना गिळतो. अख्खे. काटासुद्धा ठेवत नाही."

"वेडा की काय," देवजीचा आवाज चढला. "पापलेट आहे ते. पापलेटचं तोंड केवढं असतं? मी हजारो पापलेटं फाडली, एकाच्या पोटात मासा निघाला नाही."

"दिसतं पापलेटसारखं. पण ते पापलेट नाही, काका. जो तोंडात मावेल तो त्याचा घास. त्याच्याबरोबर कोऱ्या नावाच्या मासळ्या ठेवा. तळाला फिरतात, मिशा असतात, अंगाने जाड. सहा घ्या. आणि उरलेले निऑन मला परत द्या."

हर्षदाने मुद्दाम विचारलं, "म्हणजे आमच्या ओहोळातल्या शिंगाळ्यासारख्या?"

"तशाच. छोट्या."

देवजीने काही घेतलं नाही. दुकानदार माल खपवायला काहीही सांगतो. शिवाय तो मासा रखमीच्या हातून खायचा, तिचं बोट आत गेलं की वर यायचा. तो असलं करणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो टाकीसमोर बसला. खिडकीतून पहिला उजेड आला. निऑन झाडाखालून बाहेर पडले, मोजून पाच. पापलेट वरच्या कोपऱ्यात स्वस्थ होतं. मग ते जरासं तिरपं झालं आणि खाली आलं. पाण्याला धक्कासुद्धा बसला नाही. चार उरले. त्याच्या ओठातून निळी शेपटी क्षणभर दिसली आणि आत गेली.

देवजी उठला. मग त्याने हाक मारली, "हर्षदा, एक पातेलं दे. मोठं."

ती आली, तिने टाकीकडे बघितलं, काही न विचारता पातेलं आणि चहाची गाळणी आणली. टाकीतलंच पाणी घेऊन दोघांनी चारही निऑन पातेल्यात काढले. तेवढ्यात सुरज उठून आला.

"हे काय चाललंय? पातेल्यात मासे?"

"आईचं पापलेट खात होतं त्यांना," देवजी म्हणाला.

"घ्या! मग मिटलं."

"मिटलं नाही. मी हिचं नाव घेतलं होतं. जेवताना."

सुरज बायकोकडे बघायला लागला. "मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला सांगून काय?" हर्षदा पातेल्यावर ताट झाकत म्हणाली. "तुम्ही बाबांशी भांडला असता. त्यांचं आधीच कोण उरलंय इथे बोलायला."

देवजीने खाली बघितलं. तीन दिवस तो मुलाच्या गप्प बसण्यावर कुढत होता, आणि मुलाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"टाकी माझ्या खाटेपाशी घे," तो सुरजला म्हणाला. "मशीन लाव खिडकीत. हे चार परत करून त्या मिशावाल्या आणतो. जगल्या नाहीत तर ने टाकी, मी काही बोलणार नाही."

"जगतील," हर्षदा म्हणाली. "पण दुकानात मी बोलणार. तुम्ही नुसतं पातेलं धरा."

"धरतो," देवजी म्हणाला. आणि जरा थांबून, "पण तो सहाच देतो की पाच, ते मी मोजणार."

"मोजा हो. त्याशिवाय तुम्हाला झोप येणार आहे का?"