टाकीतले मासे

भोपाळ झालं आणि मुलुंडच्या त्या रंगाच्या कारखान्यातल्या साहेब लोकांना एकदम समाजाचा पुळका आला. वार्षिक अहवालात एक गुळगुळीत पान वाढलं: ‘आमचं सांडपाणी इतकं शुद्ध, की त्यात मासे जगतात.’ खाली मोठ्या साहेबांची सही आणि गेटजवळच्या काचेच्या टाकीचा रंगीत फोटो. तेच पान मराठीत छापून गेटवरही लावलं.

टाकी सांभाळायचा लवू परब. गिरणी बंद पडल्यावर त्याने दीड वर्षं धक्के खाल्ले, तेव्हा कुठे ही टेंपररी नोकरी मिळाली. टाकीत कारखान्याचं पाणी भरलं की घटकाभरात मासे पोट वर करायचे. मॅनेजर म्हणाला, “पिंपातलं नळाचं भर आणि तोंड बंद ठेव.” लवूने ठेवलं. येत्या सोमवारी पर्मनंटचं पत्र हातात पडणार होतं.

शनिवारी सकाळी त्याची बायको शेवंती हंडा घेऊन निघाली. वस्तीच्या नळाला दोन दिवस टिपूस नव्हता.

“चंपा कारखान्याच्या नाल्यावरून आणते, तिथेच जाते.”

“तिथलं आणायचं नाय.”

“का रे? छापलंय ना, मासे जगतात. चंपाच्या पोरीची आंघोळ त्यातच होते.”

“आपण नाय आणायचं, एवढंच.”

शेवंतीने हंडा खाली ठेवला. “आपण नाय. आणि चंपाने आणलं तर चालतं?”

चहा तसाच टाकून लवू नाल्यावर गेला. पाच-सहा बायका हंडे भरत होत्या. शेजारची चंपा पुढेच होती.

“वहिनी, हे नेऊ नका. टाकीत नळाचं पाणी असतं. मीच भरतो.”

चंपा हसली. “भावजी, कागदावर सही साहेबांची आहे. तुमची कुठे दिसली नाय ती?”

आता हिला काय सांगायचं, कप्पाळ! लवूने तिचा भरलेला हंडा उचलला, तडक गेटवर आला आणि टाकीत ओतला. वॉचमन ओरडत आत पळाला. बायका काचेभोवती जमल्या.

मासे फिरत राहिले. जगू देत रे देवा, नोकरी तरी वाचेल, असं एकदा लवूच्या मनात आलंच, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मग एक मासा वर येऊन तोंड उघडमीट करू लागला. थोड्या वेळाने तो आडवा झाला. त्यामागे दुसरा, तिसरा.

चंपाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “पोरीच्या अंगावर पुरळ उठलंय. मला वाटलं, घामोळं असेल.” ती लवूकडे वळली. “किती दिवस भरताय नळाचं?”

“सहा महिने.”

“आणि बोललात आज.”

मॅनेजर तरातरा गेटकडे येत होता. लवूला त्याचं काहीच वाटलं नाही. चंपाकडे मात्र त्याला मान वर करून बघवेना.