ढगातून थांबणारी प्रेस

अहो, इकडे, पंख्याखाली! ती घुरघुरणारी पेटी दिसते ना, तो मी बोलतोय. डब्यांची झाकणं दाबणाऱ्या कारखान्याचा जुना संगणक. मला सगळे म्हातारा म्हणतात. म्हणोत बापडे, मीही कुणाला सोडलेलं नाही.

मालक पाहुण्यांना मिरवत घेऊन आला, की मी मुद्दाम झोपायचो. हिशेबवाल्या बाईंचं काम संपत आलं, की उगीच भोंगा वाजवायचो. मग पाठीत थप्पड बसायची. लई मजा.

एक काम मात्र कधी थट्टेवारी नेलं नाही. दाराजवळच्या मोठ्या प्रेसवर एक डोळा बसवलाय. खाली हात गेला, की तो मला दाखवायचा आणि पापणी लवायच्या आत मी प्रेस थांबवायचो. त्यानं प्रेसवाला सोकावला. अडकलेलं झाकण काढायचा चिमटा त्यानं माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगला आणि बोटं घालू लागला. म्हणायचा, "म्हातारा आहे ना."

आता म्हणे सगळं ढगात जाणार. म्हणजे आपलं काम कुठल्यातरी लांबच्या संगणकानं करायचं, नेटवरून. हे खूळ आणलं प्रेसवाल्याच्या दाजींनी. ते संगणकातले जाणकार. हिशेब गेले, मालाची नोंद गेली. तिकडे सुखात आहेत, खोटं कशाला बोलू? हिशेबाला जरा उशीर झाला तर कुणाचं बोट तुटत नाही. पण दाजींनी प्रेस थांबवायचं कामही वर धाडलं.

चाचणी घेतली सुट्टीच्या दिवशी. कारखाना सामसूम, नेट मोकळं.

"दाजी, घाला हात."

"तुमच्या बहिणीला विचारून येतो," म्हणत दाजींनी झाडू घातला. प्रेस थांबली. दोघं हसले. झाडूच्या चार काड्या तुटून पडल्या होत्या. त्या त्याच झाडूनं लोटून दिल्या.

मला डोळ्यातून दिसल्या. मी भोंगा वाजवला, जीव तोडून वाजवला.

"जाता जाताही खोडी काढतोय बघा," दाजी म्हणाले. पाठीत तीच ओळखीची थप्पड.

उद्या सकाळी माझं बटण बंद. उद्या सगळी यंत्रं चालू, सगळ्यांचा भार एकाच नेटवर. प्रेसवाल्याची सवय तेवढी जुनीच.

तुम्ही प्रेसकडे जाणार असाल तर एवढं करा. माझ्या डोक्यावरच्या चिमट्यावर कोळ्यानं घर केलंय, ते झटका. आणि तो प्रेसवाल्याच्या हातात द्या. हात आहे तोवर.