चुलवणावर वाळवलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा कोट आहे, आणि माझी गोष्ट सांगताना मला मान वर करवत नाही.

विमान चालवणारे लोक घालतात ना, तशा घाटाचा मी आहे. कमरेपर्यंतच लांब, आत उबदार अस्तर, पुढे मोठी चेन. शहरात मला जाकीट म्हणत. पण खरे सांगायचे तर वैमानिकाने मला कधी अंगात घातले नाही. माझे मालक सयाजीराव हवाई दलात विमानांची दुरुस्ती करत. कानपूरच्या बाजारात त्यांनी मला हौसेने घेतले आणि पठाणकोटच्या थंडीत दोन हिवाळे वापरले. मग त्यांची बदली मद्रासकडे झाली. तिथल्या उकाड्यात माझे काय काम? म्हणून पंच्याहत्तर साली ते मला कराडजवळच्या मळ्यातल्या घरी घेऊन आले आणि आपल्या नव्या नवरीच्या, रंगूबाईंच्या हाती देऊन म्हणाले, "लय जपतो मी ह्येला. पाणी लागू दिऊ नगंस."

रंगूबाईंना सासरी येऊन पाचच महिने झाले होते. त्या घरात विश्वासाने त्यांच्यावर सोपवलेली मी पहिलीच वस्तू. त्या आठवड्यातून एकदा मला कोरड्या फडक्याने पुसत आणि खुंटीला लावताना खांदे सारखे करत.

सयाजीरावांचा धाकटा भाऊ मानसिंग कराडच्या कॉलेजात होता. माघातल्या एका सकाळी वहिनी पाण्याला गेल्या आहेत असे बघून त्याने मला खुंटीवरून काढले आणि एस.टी.ने थेट सांगली गाठली. विश्रामबागेतल्या मित्रांनी त्याला 'पायलट' म्हणून हाक मारली. मित्रांनो, तेव्हा मीही फुगलो. आम्ही दोघेही आयत्या बिळावरचे नागोबा, पण त्या दिवशी आम्हाला त्याची लाज वाटली नाही. आज वाटते.

परत येताना फाट्यावर उतरलो आणि अवकाळी पावसाने गाठले. थोडेच पण टपोरे थेंब पडले. ओला कोट घरी कसा न्यायचा? मळ्यात गुऱ्हाळ चालू होते. हंगामात आमच्याकडे भिजलेली घोंगडी, पायताण, बैलांच्या चामडी वाद्या असे सगळे, गुळाच्या कढईखाली उसाची चिपाडे जळतात त्या चुलवणाशेजारी वाळत घालतात. मानसिंगने मलाही तिथेच टांगले. वर वाद्यांना लावायचे करडईचे तेल पावसाच्या एकेका डागावर चोळले. वाद्यांना ते मानवते. माझे मऊ, रंगवलेले कातडे वेगळे. तासाभरात छातीवर गोल गोल कडा उठल्या, त्यांच्याभोवती तेल काळे पडले आणि उजवी बाही चुलवणाकडे होती ती भाजून कडक झाली. त्याने मला गुपचूप खुंटीला अडकवले.

दोन दिवसांनी सासूबाईंनी, सुलाबाईंनी मला पाहिले. रंगूबाई एवढेच म्हणाल्या की आपण याला पाणी लावलेले नाही. त्यांचे कोण ऐकणार?

"नवऱ्यानं एक वस्तू संबाळाय दिली, ती बी हिला जमंना," सुलाबाई म्हणाल्या. "संसार काय संबाळणार ही?"

मानसिंग शेजारीच जेवत होता. त्याने ताटातून डोळे वर केले नाहीत. आणि मी? सगळे ठाऊक असून मी भिंतीला टेकून गप्प. मुका असणे ही काही माझी चूक नव्हे, हे मला कळते. तरी ती लाज गेली नाही.

चैत्रात सयाजीराव रजेवर येणार होते. ते काय म्हणतील, या एकाच धास्तीने रंगूबाई वाळत चालल्या. माहेरी मिरजेला गेल्या तेव्हा त्यांनी मला बोचक्यात घालून नेले आणि गल्लीतल्या कृष्णातमामा चांभारांपुढे ठेवले. मामांनी मला उलटेपालटे केले आणि समजावले. थेंब वाळला की त्याची कडा उरते. तेवढाच डाग चोळला की भोवती दुसरा पडतो. म्हणून फडके पाण्यात पिळून शिवणीपासून शिवणीपर्यंत सगळा भाग सारखा ओला करायचा, रुंद खांद्याच्या लाकडावर टांगून सावलीत सावकाश वाळवायचा. ऊन नाही, विस्तव नाही. मग मेणाचा पातळ हात फिरवायचा. हेच मेण आधी लावले असते तर थेंब वरच्या वर घसरले असते. भाजलेल्या बाहीवर मात्र त्यांच्याकडे इलाज नव्हता.

मामांनी सांगितले तसे रंगूबाईंनी तीन वेळा केले. कडा गेल्या. तेलाचे डाग निम्मे उतरले. कुणाच्या पापासाठी त्या राबत होत्या, ते मला माहीत होते.

सयाजीराव आले. सुलाबाईंनी पहिल्या जेवणालाच सुनेच्या चुकांचा पाढा वाचला. सयाजीरावांनी मला मांडीवर घेतले, उजवी बाही दाबली, नाकाला लावली. 

"ह्यो भाजलाय," ते म्हणाले. "चिपाडाच्या धुराचा वास हाय ह्येला. आये, रंगू काय कोट घिऊन गुऱ्हाळावर गेलती व्हय?"

मानसिंगच्या हातातला घास खाली आला.

"दादा, मी नेलता," तो म्हणाला. "सांगलीला."

मला वाटले, आता सुटले सगळे. पण सुलाबाई म्हणाल्या, "पोर हाय. चुकतंया एकांदं." आणि त्यांनी त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली. सयाजीराव खाली बघून जेवू लागले. रंगूबाईंना कुणी काहीच म्हणाले नाही.

जेवणे झाल्यावर सयाजीरावांनी मला रंगूबाईंपुढे धरले. "ठिव जाग्यावर."

"तुमचा तुमी ठिवा," रंगूबाई म्हणाल्या. "मला नगं."

मित्रांनो, पावसाआधी आम्हाला मेण लावा. भिजलो तर सगळे सारखे पुसा, सावलीत वाळवा, विस्तवापासून लांब ठेवा. आणि चूक तुमची असेल तर त्याच दिवशी सांगा. उशिरा सांगितलीच, तर जिने बोलणी खाल्ली तिच्याकडे बघून सांगा. त्या घरात ते कुणाला सुचले नाही. मी अजून त्याच खुंटीला आहे. दर आठवड्याला रंगूबाई ती भिंत झाडतात आणि मला हात न लावता पुढे जातात.